मेष्ट्रूंच्या अंगणातला हिंदुस्थान

"तुमच्या न्हाणीचं पाणी कुठं जातं?"

पहिल्यांदाच घरी आलेल्या माणसाला कुणी असलं काही विचारतं का हो? बसा म्हणावं, तांब्याभर पाणी पुढं ठेवावं, घरी सगळे बरे ना म्हणून चौकशी करावी. पण मेष्ट्रूंचं सगळंच जगावेगळं. पाहुणा दारात चपला काढतोय तोवर ह्यांचा प्रश्न तयार. एकदा शेजारच्या मुलीला बघायला म्हैसूरहून मंडळी आली होती, ती चुकून ह्यांच्या दारात उभी राहिली. मुलाच्या आईलाच ह्यांनी न्हाणीचं पाणी विचारलं. ती माउली लाजेनं लालबुंद झाली आणि मुलाचा बाप म्हणाला, "हे घर नको." मग शेजाऱ्यांनी धावत येऊन समजूत घातली, की अहो, हे आम्ही नव्हेच, आमचं घर पुढचं.

मेष्ट्रु म्हणजे आमच्या बेंगळूरच्या कानडीत मास्तर. सगळी गल्ली त्यांना मेष्ट्रु म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, नाही असं नाही. पण ते घेऊन बोलायला लागले तर मी भलत्याच कुणा माणसाबद्दल बोलतेय असं मलाच वाटेल.

तर त्या न्हाणीच्या प्रश्नाला कारण होतं. आमची बसवनगुडी वसलीय उंचवट्यावर. त्याच्या पश्चिमेच्या उतारावर सांडलेलं पाणी ओढ्यानाल्यांतून जात जात कावेरीला मिळतं, आणि पूर्वेच्या उतारावरचं पाणी तळ्यातळ्यांतून दक्षिण पिनाकिनीला. मेष्ट्रूंनी सगळ्या बेंगळूरची माणसं अशी दोन जातींत वाटून टाकली होती, कावेरीचे आणि पिनाकिनीचे. त्यांना तिसरी जात ठाऊक नव्हती. "दोघी शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळतात," ते म्हणायचे, "पण वाटेत वेगवेगळ्या गावांना भेटून जातात. म्हणून विचारतो बाबा, दुसरं काय!" आम्ही कावेरीचे निघालो तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! जणू आम्हीच खटपट करून तसं घर घेतलं होतं.

दुसरी त्यांची तऱ्हा म्हणजे उजवं-डावं हे शब्द त्यांच्या तोंडात कधी आले नाहीत. "उजवं म्हणजे कुणाचं उजवं? तू वळलीस की तुझं उजवं पण वळलं. त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा?" पानावर बसले की मीठ आग्नेयेला सरकवायला सांगायचे. न्हाव्याला म्हणायचे, "स्वल्प थांब, वायव्येला केस राहिले." जटकेवाल्याला भर चौकात सांगायचे, ईशान्येला घे. तो बिचारा घोड्याचा लगाम ओढून विचारायचा, "ईशान्य अंद्रे एल्लि, स्वामी?" ईशान्य म्हणजे कुठं, एवढंच त्याचं म्हणणं. की झालं! मेष्ट्रु खाली उतरणार, कोटाच्या आतल्या खिशातून होकायंत्र काढणार आणि जटकेवाल्याची शिकवणी तिथंच रस्त्यात सुरू. घोडा तेवढ्यात कुणाच्या तरी कुंपणाचा पाला ओरबाडून घ्यायचा.

तो कोट माझ्या वडिलांनी शिवलेला. अण्णांचं चिकपेटेत शिवणकामाचं दुकान होतं. आमची घराणी बेंगळुरात कितीतरी पिढ्यांपासूनची, घरात मराठी, दुकानात कानडी, आणि भांडताना दोन्ही. मेष्ट्रूही त्यातलेच, शहाजीराजांच्या मागं आलेल्या कुणाचे तरी वंशज. कोट शिवायला टाकताना त्यांनी अण्णांना सांगितलं होतं, "होकायंत्राला आतून वेगळा खिसा ठेवा. आणि लोखंडी बटणं नकोत. सुई नादावते." अण्णांनी हे आम्हाला घरी येऊन हसत हसत सांगितलं. पण खिसा मात्र असा बेतून शिवला होता, की होकायंत्र कधी हिंदकळलं नाही.

मी शिकवणीला गेले तीही त्या कोटाच्याच ओळखीनं. कारण सांगायला आता लाज नाही वाटत. मी भूगोलात नापास झाले होते. बाकी सगळ्यात बरी होते, हिशेबात तर पहिली. पण भूगोल म्हटलं की डोक्यात चिखल. कापूस कुठं, कोळसा कुठं, मला सगळं सारखंच. पुढच्या वर्षी मिडल स्कूलची सरकारी परीक्षा होती. अण्णा तसे माझ्यावर माया करायचे, पण एक घाव दोन तुकडे करणारा माणूस. म्हणाले, "आणखी एक वर्ष. मिडल स्कूल पास झालीस तर हायस्कूल. नाहीतर दुकानात ये, काजं करायला माणूस हवंच आहे."

काजं म्हणजे बटणांची भोकं. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत माझी आत्या दिवसभर काजं करत बसलेली असायची. हुशार बाई. एकदा ऐकलेलं गाणं विसरत नसे. पण तिची शाळा लहानपणीच सुटली आणि ती खोली मिळाली. सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारायची, कारण तिला भोक दिसेनासं झालं होतं. शाळा आणि ती खोली, ह्या दोहोंच्या मधे आता एक भूगोल तेवढा उभा होता.

मेष्ट्रूंचं घर कसं होतं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या घराच्या रचनेमुळंच घडलं. रस्त्याच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला, जगली. जगली म्हणजे ओटा, आम्ही शिकणाऱ्या मुली तिथं ओळीनं बसायचो. समोर चौकोनी उघडं अंगण. अंगणाच्या पलीकडं, दक्षिणेला, स्वयंपाकघर, आणि त्याची एक दगडी पायरी अंगणात उतरलेली. आणि त्या अंगणात हिंदुस्थान.

खोटं नाही सांगत. सबंध अंगणभर! शेणानं सारवलेल्या जमिनीवर तांबड्या मातीचं दख्खनचं पठार थापलेलं, विटांच्या तुकड्यांचा हिमालय, नारळाच्या करवंट्या उपड्या घालून केलेले सह्याद्रीचे डोंगर. किनारा रांगोळीनं काढलेला, तो रोज सकाळी मेष्ट्रु स्वतः ओणवं होऊन काढायचे. अंगणाला उतार पूर्वेला, मोरीही त्याच कोपऱ्यात. म्हणून बंगालचा उपसागर आपोआपच जागेवर होता. तांब्यानं पाणी ओतलं की गोदावरी, कृष्णा, कावेरी गुमान मोरीकडं जायच्या. नर्मदा मात्र रोज भांडायची. तिला चढावर पश्चिमेला न्यायची म्हणजे मेष्ट्रूंना बोटानं चर उकरावा लागायचा. तरी ती मधेच कुठंतरी फुटून महानदीत घुसायची. "हट्टी आहे," ते कौतुकानं म्हणायचे.

आणि बरोब्बर मधोमध तुळशीवृंदावन. ते होतं नागपूरच्या जागी. राज्यं नवी झाली, आमचं म्हैसूर बेळगाव-धारवाडपर्यंत वाढलं, तेव्हा मेष्ट्रूंना नव्या सीमा आखायला अंगण अपुरं पडायला लागलं. त्यांनी तुळस थोडी सरकवायचं काढलं. पण घरात अक्का होत्या ना! त्यांनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "सरकारनं राज्यं हलवली म्हणून मी देव हलवू?" विषय संपला. म्हैसूरला थोडं दाटीवाटीनं राहावं लागलं.

अक्का म्हणजे मेष्ट्रूंची थोरली बहीण. लहानपणी वैधव्य आलेलं, तेव्हापासून ह्या घरात. मेष्ट्रूंनी लग्न केलं नव्हतं, का ते कुणी विचारलं नाही. अक्कांची मडी कडक. मडी म्हणजे सोवळं, ओलेत्यानं स्वयंपाक, आणि त्या वेळात कुणाची सावली पडलेली खपत नसे. स्वयंपाकघराची ती दगडी पायरी खास त्यांची. तिथं बसून त्या तांदूळ निवडायच्या, भाजी चिरायच्या. बरोब्बर कन्याकुमारीच्या पलीकडं असल्यामुळं त्या पायरीला आम्ही लंका म्हणायचो. अक्कांना काय म्हणायचो ते तुम्ही ओळखलंच असेल. खुद्द मेष्ट्रूही पायरीला पाय लावत नसत. काही हवं असलं तर तुळशीपाशी, म्हणजे नागपुरातच, उभे राहून हाक मारायचे.

त्यांचं शिकवणं कसं होतं, तर पुस्तक पहिले काही महिने उघडायचंच नाही. "पाठ काय करतेस? उभी राहा!" म्हणायचे आणि आम्हाला नदी करायचे. मी कृष्णा होते. महाबळेश्वरच्या करवंटीपासून निघायचं, पायाखालची माती कुठली ते बघायचं, वाटेत भीमा भेटली की तिचा हात धरायचा, मग दोघींनी मिळून मोरीकडं. भीमा झालेली पोर फार हळू चालायची. "चल गं बाई, पूर येतोय," मी तिला ओढायची. पुढं मॉन्सून म्हणजे सुपानं वारा घालायचा. करवंट्यांच्या अलीकडं पाणी शिंपडलं जायचं, पलीकडं कोरडं. पठारावर पाऊस कमी का, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी एवढ्या मोठ्यानं "अय्यो!" म्हणाले, की अक्कांचा विळीवरचा हात थांबला. डोक्यातला चिखल कसा, कधी निवळला ते कळलं नाही. कापूस काळ्या मातीत होतो, आणि काळी माती माझ्या पायाला लागलेली. ती कशी विसरेन? चपला घालून बंगालच्या उपसागरात शिरायचं नाही, हा एकच नियम. बाकी हिंदुस्थान मोकळा होता.

कधी सुटीच्या दिवशी आम्हाला चालवत चालवत बनशंकरीला न्यायचे. आता तिथं घरांशिवाय काही दिसत नाही. तेव्हा ते गाव संपल्यावर शेतातलं देऊळ होतं. बायका लिंबाच्या सालीचे दिवे लावून हात जोडायच्या आणि मेष्ट्रु देवीकडं पाठ करून उतार बघत उभे. "इथनं पाणी बघ कसं वळतं," म्हणायचे, आणि तेच त्यांचं दर्शन.

आता नकाशाचं सांगते. मेष्ट्रु पूर्वी एका शाळेत होते. तिथं ते नकाशा वर्गात जमिनीवर अंथरायचे, होकायंत्र ठेवून बरोब्बर उत्तरेला लावायचे आणि मुलांना भोवती बसवायचे. एकदा तपासणीला साहेब आले ते बूट घालून सरळ आसामात. म्हणाले, हा काय पोरखेळ, नकाशा भिंतीवर टांगा. मेष्ट्रु म्हणाले, "टांगायला त्यानं काय गुन्हा केलाय? भिंतीवर टांगला की पोरांना वाटतं उत्तर दिशा वर आभाळात असते. उत्तर आभाळात नाही साहेब, हेब्बाळकडं आहे." हेब्बाळ म्हणजे आमच्या गावाच्या उत्तरेचं तळं. साहेबांनी शेरा मारला, हेडमास्तरांनी हुकूम काढला, आणि मेष्ट्रूंनी त्याच दिवशी नोकरी सोडली. स्वतःच्या खर्चानं घेतलेला तो नकाशा गुंडाळून काखेत मारला आणि घरी आले. तो जगलीच्या कोपऱ्यात उभा असायचा, अण्णांनी शिवलेल्या पिशवीत. अंगणात पाऊस असला की जगलीवर अंथरायचा. भिंतीला मात्र त्या घरात एकही खिळा नव्हता. कॅलेंडरसुद्धा फळीवर आडवं पडलेलं असायचं.

म्हणजे बघा आता. आम्ही उत्तरेच्या जगलीवर बसून दक्षिणेकडं तोंड करून तो हिंदुस्थान बघायचो. हिमालय आमच्या पायाशी. कन्याकुमारी तिकडं लांब, वरच्या टोकाला. कलकत्ता डाव्या हाताला, मुंबई उजव्या. बाकीच्या मुली आधी शाळेत भिंतीवरचा नकाशा गिरवून गिरवून आलेल्या, त्यांना काही वाटायचं नाही. माझी पाटी मात्र कोरी होती. माझ्या डोक्यात देश पहिल्यांदा उतरला तो त्या अंगणातून, आणि असा उतरला की पुसता पुसेना.

परीक्षेच्या आधी शाळेत सराव परीक्षा झाली. भारताचा नकाशा हातानं काढा आणि मुख्य नद्या दाखवा, असा प्रश्न. मला एवढा हर्ष झाला! भराभर काढला. एकूण एक नदी, उपनद्यांसकट. काश्मीर कागदाच्या तळाला, कन्याकुमारी माथ्यावर, मुंबई उजवीकडं. बाण काढून उत्तर कुठली तेही दाखवलं, बाण माझ्या पोटाकडं. दुसऱ्या दिवशी आमच्या बाईंनी तो कागद सगळ्या वर्गासमोर धरला. कागद फिरवला की देश सरळ व्हायचा पण अक्षरं शीर्षासन करायची. वर्ग हसून हसून लोळला. बाईंनी शून्य दिलं आणि वर म्हणाल्या, "सरकारी परीक्षेत तुझ्यासाठी कुणी कागद फिरवत बसणार नाही हो." त्या वाईट नव्हत्या. खरं तेच सांगत होत्या.

अण्णा दुकान बंद करून तडक मेष्ट्रूंकडं गेले, मला हाताला धरून. तो कागद त्यांच्यापुढं धरला. मेष्ट्रूंनी चष्मा लावला, कागद जगलीवर ठेवला, उत्तरेला लावला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! "भले! तुंगभद्रा केवढी सुरेख काढलीये! कुणी शून्य दिलं ह्याला?"

"उलटा आहे तो," अण्णा म्हणाले.

"उलटा कसा? बाण काढलाय ना तिनं?"

"मेष्ट्रु, मी कोट शिवतो. गिऱ्हाइकाला अस्तर बाहेर ठेवून कोट दिला आणि म्हटलं, कापड तेच, शिलाई तीच, तुम्हीच जरा सांभाळून घ्या, तर गिऱ्हाईक घालील?"

"कोट उलटा नाही अण्णा. गिऱ्हाईक उलटं आहे."

"असेल," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पण मार्क गिऱ्हाईक देतं. तुमचं खरं असेल हो. तुम्ही नोकरी सोडलीत, तुम्हाला परवडलं. माझ्या पोरीला नाही परवडत. ही नापास झाली तर माझ्या बहिणीशेजारी काजं करायला बसेल, आणि मी शब्द फिरवणार नाही. मला कौतुक नाही त्याचं. पण घर चालवायचं आहे."

मेष्ट्रूंनी कागद उचलून अण्णांच्या हातात परत दिला. मला वाटलं, संपलं. आता शिकवणीही बंद आणि शाळाही. त्या संध्याकाळी आत्यानं सुईत दोरा ओवायला हाक मारली तर मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी आईनं मला बळेच पाठवलं. गल्लीतच ठोकाठोकीचा आवाज ऐकू आला. आत जाऊन बघते तर मेष्ट्रु स्टुलावर उभे, हातात हातोडी, आणि भिंतीत खिळा. बाकीच्या मुली तोंडात बोट घालून उभ्या होत्या. मेष्ट्रूंनी पिशवीतून नकाशा काढला, उलगडला आणि भिंतीवर टांगला. टांगून झाल्यावर त्याच्याकडं पाहिलं नाही. खाली उतरून हात धुतले.

"बस," मला म्हणाले. "बघ आणि काढ."

जे करायचं नाही म्हणून हा माणूस नोकरीवर पाणी सोडून घरी बसला, ते त्यानं माझ्यासाठी केलं होतं. मला ते तेव्हा पुरतं कळलं होतं. तेरा वर्षांच्या पोरीला कळत नाही असं समजू नका. म्हणून तर मी जिवाच्या आकांतानं काढायला बसले. पण हाताचं काय करू? समोर बघून काढलं की जमायचं. नकाशा झाकला की पेन्सिल परत आपल्या वाटेनं. काश्मीर खाली, नाहीतर काश्मीर वर आणि मुंबई कलकत्त्याच्या जागी. अंगणातला देश पुसून भिंतीवरचा चिकटवायचा, तर दोन्ही एकमेकांत कालवले. आधी येत होतं तेही बिघडलं. गोदावरी मी पश्चिमेला सोडली. मेष्ट्रु ते बघून मटकन खालीच बसले. "मीच घोळ करून ठेवला गं," म्हणाले. असे दिवसामागून दिवस गेले. परीक्षा दाराशी आली.

एका दुपारी मी पाटीवर चौथ्यांदा की पाचव्यांदा चुकले आणि पाटी खाली ठेवून नुसती बसून राहिले. रडू पण येईना. तेवढ्यात पलीकडून अक्कांचा आवाज आला.

"तम्मा, त्या पोरीला इकडं पाठव."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मेष्ट्रूंना अशी हाक मारणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"इकडं म्हणजे?" मेष्ट्रु नागपुरातून म्हणाले.

"इकडं म्हणजे इकडं. माझ्या पायरीवर. मी रोज इथं बसून तुझा तो पसारा बघते. भिंतीवरचं चित्र आहे ना, तसाच दिसतो तो इथनं. देश कशाला फिरवत बसलाय? पोरगी फिरव."

मेष्ट्रु तुळशीचा कट्टा धरून उभे राहिले. मला शपथ सांगते, त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं. सुचणार कसं? अंगणाच्या त्या बाजूला ते जन्मात बसले नव्हते. "पण अक्का," ते चाचरत म्हणाले, "तुमची मडी?"

"मडी मोडली तर मी परत आंघोळ करीन. तिची शाळा मोडली तर परत कोण देणार आहे? माझी दिली कुणी?"

एवढं बोलून त्यांनी तांदळाचं सूप उचललं आणि पायरीवर एका बाजूला सरकून बसल्या. मी अंगणातून गेले. पायाखाली काही मोडू नये म्हणून अरबी समुद्राच्या कडेकडेनं गेले आणि लंकेवर जाऊन बसले. दगड गार होता. अक्कांच्या लुगड्याला हिंगाचा वास येत होता. मी मान वर करून बघितलं.

बाई गं! काय सांगू तुम्हाला! कन्याकुमारी माझ्या अंगठ्याशी. मुंबई डाव्या हाताला, मद्रास उजव्या हाताला, अगदी जवळ. लांब तिकडं वर, मुली बसायच्या त्या जगलीच्या पायथ्याशी, विटांचा हिमालय. तीच माती, त्याच करवंट्या, सगळं माझं ओळखीचं, आणि सगळं सरळ. काही पुसायचं नव्हतं, काही चिकटवायचं नव्हतं. मी पाटी घेतली आणि एका दमात देश काढला. मेष्ट्रूंना दाखवायला उचलून धरली तर ते तिकडूनच, मान वाकडी करून बघत, हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं.

त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत मी लंकेवरच बसले. अक्का रोज दुसऱ्यांदा आंघोळ करायच्या, तक्रार न करता. मधूनच विचारायच्या, "काशी कुठली गं त्यातली?" मी दाखवली. "लांब आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या जगलीवरनं जवळ असेल." पुढं काही वर्षांनी मेष्ट्रु त्यांना काशीला घेऊन गेले. परत आल्यावर मी विचारलं तर अक्का म्हणाल्या, "देव पाहिला. आणि ह्यानं गंगेचं पाणी कुठल्या बाजूला वाहतं ते दिवसभर पाहिलं."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मेष्ट्रूंनी मला जवळ बोलावलं. चेहरा गंभीर. म्हणाले, "हे बघ. उद्या हॉलचं तोंड कुठं का असेना, तू बघायचं नाही. हेब्बाळ कुठं आहे, विसरून जायचं. हिमालय कागदाच्या वर काढायचा. खोटं असलं तरी काढायचं. मी सांगतो म्हणून काढ."

"सरी," मी म्हणाले, म्हणजे बरं. दुसरं काय म्हणणार?

परीक्षेचा हॉल दुसऱ्या शाळेत होता. आत शिरल्या शिरल्या, नको नको म्हणतानाही, मला कळलंच. उन्हाची तिरीप डावीकडच्या खिडकीतून येत होती, सकाळची वेळ. म्हणजे मी बसले होते दक्षिणेकडं तोंड करून. हिमालय माझ्या पाठीमागं होता आणि मला तो समोर काढायचा होता. क्षणभर डोळे मिटले, पायाखाली तो गार दगड आणला, नाकात हिंगाचा वास आणला, आणि काढला.

निकाल लागला तेव्हा अण्णा आधी दुकानात जाऊन आत्याला सांगून आले. आत्यानं माझ्यासाठी पोलक्याला काजं करून ठेवली होती, म्हणाली, "ही शेवटची, तुझ्या हायस्कूलची." मी धावत मेष्ट्रूंकडं गेले. ते अंगणात ओणवे होऊन कोकणाचा किनारा काढत होते.

"मेष्ट्रु, पास! भूगोलात पहिली!"

त्यांनी रांगोळी हातातच धरली. मार्क विचारले नाहीत. विचारलं काय, तर "हॉलचं तोंड कुठं होतं?"

"दक्षिणेला."

"दक्षिणेला!" त्यांचा चेहरा पडला. "अक्का, ऐकलं का? पार उलटं काढावं लागलं हो हिला. फार खोटं बोलावं लागलं पोरीला."

"पास झाली ना?" अक्का आतून म्हणाल्या. "मग ते पाप माझ्या नावावर घाल. आता तशीही परत आंघोळ करायचीच आहे." आणि बाहेर आल्या त्या सरळ, ओलेत्या लुगड्यानिशी, मला पोटाशी धरायला.

मेष्ट्रु तोवर जगलीवर गेले होते. स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवला आणि जमिनीवर अंथरला. कोटाच्या आतल्या खिशातून होकायंत्र काढलं, नकाशावर ठेवलं, आणि सुई ठरेपर्यंत वाट बघत नकाशा हळूहळू फिरवून नीट लावला. मग एक कोरा कागद माझ्यापुढं ठेवला, पेन्सिल हातात दिली आणि बाजूला सरकून मला जागा केली.

"ये," म्हणाले. "आता खरं काढ."